बागेत्तीचे विजय तीन की एक? (चर्चा धागा)

चाकोरीबाहेर

रविवारी भाच्याच्या सोसायटीत प्रश्नमंजूषा होती. एक प्रश्न असा आला: 'फॉर्म्युला वनमधली आपली पहिलीच शर्यत जिंकणारा इटालियन ड्रायव्हर कोण, आणि ती शर्यत कुठली?' भाच्याने सांगितलं, जानकार्लो बागेत्ती, सिरॅक्यूज, २५ एप्रिल १९६१. परीक्षकांच्या कागदावर होतं बागेत्ती, फ्रान्समधलं रीम्स, २ जुलै १९६१. पोराचा गुण गेला. बागेत्तीची गोष्ट मीच त्याला सांगितलेली, त्यामुळे घरी आल्यावर मलाच जाब विचारला. तेव्हापासून डोक्यातून जात नाही, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं पोराचं उत्तर बरोबर होतं असं आहे. त्याहून पुढे जाऊन सांगतो, अजिंक्यपदाचे गुण नसलेल्या शर्यती बाजूला ठेवून साठच्या दशकातल्या ड्रायव्हरांची जी कोष्टकं छापली जातात, त्यांतून त्या काळाचं चित्र चुकीचं उभं राहतं.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडं मागे जातो. १९६१ साली जागतिक अजिंक्यपदाच्या शर्यती होत्या फक्त आठ. त्याच वर्षी त्याच नियमांच्या, त्याच एका सीटच्या गाड्यांच्या बिनगुणांच्या शर्यती वीसच्या वर झाल्या. पो, ब्रसेल्स, एन्ट्री, झोलिट्यूड, मोडेना, औल्टन पार्क, अशी यादी लांबत जाते. गाड्या त्याच, माणसं बहुतेक तीच. फरक इतकाच की शेवटी कुणाच्या खात्यात गुण पडत नसत.

सिरॅक्यूज त्यातलीच एक. सिसिलीतला हा रस्ता साडेपाच किलोमीटरचा, वेगवान, आणि बऱ्याच ठिकाणी दोन्ही बाजूंना भिंती. चूक झाली तर गाडी मातीत जाऊन थांबेल अशी सोय नव्हती. २५ एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन, सुट्टीचा मंगळवार. आदल्या शनिवारी, २२ तारखेला, इंग्लंडात एन्ट्रीला शर्यत झाली होती आणि ती जॅक ब्रॅबमने जिंकली होती. तिथून मंडळी तीन दिवसांत सिसिली गाठून पुन्हा गाडीत बसली. ब्रॅबम १९५९ आणि १९६० असा लागोपाठ दोन वर्षांचा विश्वविजेता. शिवाय स्टर्लिंग मॉस, जॉन सर्टीस, आणि पोर्शेच्या दोन गाड्यांत डॅन गर्नी आणि यो बोनिए.

आणि यांच्यात एक फेरारी. पुढे दोन नाकपुड्या असलेलं 'शार्कनाक', म्हणजे नवी १५६. तिच्यात बसला होता मिलानचा सव्वीस वर्षांचा बागेत्ती, ज्याने तोवर फॉर्म्युला वनची एकही शर्यत पाहुण्यासारखीसुद्धा खेळलेली नव्हती. फॉर्म्युला ज्युनिअर या खालच्या दर्जाच्या शर्यतींमधून आलेला. इटलीतल्या शर्यतसंघांच्या महासंघाने तरुण इटालियन ड्रायव्हरला संधी द्यायची म्हणून फेरारीकडून गाडी मागून घेतली आणि लॉरेंझो बांदिनीला डावलून याला बसवलं.

हे 'तरुण इटालियन' प्रकरण का, तेही ध्यानात घ्यायला हवं. १९५५ मध्ये मोंझाला ड्रायव्हर आस्कारीचा अपघातात जीव गेला, १९५७ मध्ये मोडेनाला कास्तेलोत्तीचा, १९५८ मध्ये रीम्सला मुस्सोचा. तीन वर्षांत इटलीच्या हातून एक अख्खी पिढी निसटली. त्यात मिल्ले मिल्या या रस्त्यावरच्या हजार मैलांच्या शर्यतीत १९५७ ला झालेल्या अपघातानंतर फेरारीवर खटला चालू होता. इटालियन ड्रायव्हरला फॉर्म्युला वनच्या गाडीत बसवणं हे फेरारीसाठी तेव्हा अवघड काम झालं होतं. त्या वातावरणात हा नवखा पोरगा भिंतींच्या रस्त्यावर ५६ फेऱ्या, तीनशे किलोमीटरच्या वर, चुकला नाही. गर्नीला पाच सेकंदांनी मागे ठेवून पहिला आला. बोनिए तिसरा, ब्रॅबम चौथा.

मग १४ मे रोजी नेपल्सला दुसरा विजय. आणि २ जुलैला रीम्सला तिसरा, फक्त तेव्हा गुण होते म्हणून तो 'पहिला' ठरला.

छापील कोष्टकात या माणसाच्या नावावर २१ शर्यती आणि १ विजय एवढंच दिसतं. ते वाचून कुणालाही वाटेल की लॉटरी लागली एकदा. पण ज्या क्रमाने घडलं त्या क्रमाने वाचा: तीन शर्यती, तीन विजय, तीन निरनिराळ्या जातीचे रस्ते. आता तो माणूस लॉटरीवाला वाटतो का?

ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणाने लिहा.

---

लेखाजोखा

पटत नाही. सविस्तर सांगतो.

अजिंक्यपद म्हणजे आधी ठरलेले नियम, आधी जाहीर झालेली यादी, आणि सगळ्यांनी मान्य केलेलं की या शर्यतींत आपलं मोजमाप होणार आहे. ज्या शर्यतीत कोण येईल ते आयोजकाच्या थैलीवर ठरतं, तिचा निकाल त्याच ओळीत कसा लिहायचा? तुम्ही ब्रॅबम आणि मॉसची नावं घेतलीत, बरं केलंत. पण लगेच पुढच्या वाक्यात नेपल्सही घालून टाकलंत. नेपल्सची शर्यत १४ मे १९६१ ला झाली. त्याच दिवशी मोनॅकोला अजिंक्यपदाची पहिली शर्यत होती! मॉस, ब्रॅबम, क्लार्क, गर्नी, फेरारीचे तिघे, सगळे मोनॅकोला. नेपल्सला उरलं कोण? तो विजय आणि सिरॅक्यूजचा विजय एका दमात सांगणं हीच माझी तक्रार आहे. एकदा बिनगुणांची दारं उघडलीत की चांगलं-वाईट सगळंच आत येतं.

दुसरं गाडीचं. १९६१ ला इंजिनाची मर्यादा दीड लिटरवर आली. ब्रिटिश संघांना हा नियम नको होता, ते विरोध करत बसले आणि तयारीत मागे पडले. त्यांच्याकडे होतं कॉव्हेंट्री क्लायमॅक्सचं चार सिलिंडरचं इंजिन, साधारण १५० अश्वशक्तीचं. फेरारीचं सहा सिलिंडरचं त्याहून कितीतरी दांडगं. सिरॅक्यूज वेगाचा रस्ता, तिथे ताकद बोलते. मोनॅकोच्या गल्ल्यांत पुढच्याच महिन्यात मॉसने जुन्या लोटसमध्ये तीन फेरारींना हरवलं. कौशल्य मोजायचं तर ते असं दिसतं.

आणि नंतर काय झालं? १९६२ ला फेरारी मागे पडली तसा बागेत्तीही मागे पडला. १९६३ ला एटीएस या दुसऱ्या संघात गेला आणि दिसेनासा झाला. गाडी होती तेव्हा विजय होते, गाडी गेली तशी तेही गेले.

भाच्याचा गुण गेला याचं वाईट वाटलं. पण परीक्षकांचं चुकलं नाही.

---

गिअरबॉक्स

लेखाजोखा, इंजिनाबद्दल अर्धंच सांगितलंत.

त्या वर्षी फेरारीकडे दोन इंजिनं होती. दोन्ही व्ही-६. एकात सिलिंडरांच्या दोन रांगांमधला कोन ६५ अंश, हे आधीच्या फॉर्म्युला टूच्या गाडीतून आलेलं जुनं. दुसरं कार्लो किटीने केलेलं १२० अंशांचं नवं. कोन रुंद झाला की इंजिन बुटकं होतं, वजन खाली येतं, गाडी वळणात कमी कलते, वर थोडी ताकदही जास्त. नवं इंजिन फेरारीच्या नेहमीच्या तिघांना, म्हणजे फिल हिल, फॉन ट्रिप्स आणि गिंथर यांना. बागेत्तीला सिरॅक्यूजलाही ६५ अंशांचं आणि रीम्सलाही ६५ अंशांचंच.

म्हणजे क्लायमॅक्सवाल्यांपेक्षा तो नक्की वरचढ होता, तिथे तुमच्याशी वाद नाही. पण 'सगळ्यात चांगली गाडी होती म्हणून जिंकला' हे रीम्सला लागू पडत नाही. त्याच्यापेक्षा चांगल्या तीन गाड्या त्याच्याच रंगाच्या होत्या.

मी तीस वर्षं इंजिनं उघडतोय. पंचवीस-तीस अश्वशक्ती जास्त असलेली गाडी नवख्याच्या हाती दिली तर तो दहाव्या फेरीपर्यंत क्लच तरी जाळतो नाहीतर इंजिन तरी उडवतो. ताकद जास्त असणं आणि ती तीनशे किलोमीटर जपून वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

---

लेखाजोखा

६५ आणि १२० चा मुद्दा मान्य. माझ्या लिहिण्यात ते राहिलं होतं.

पण रीम्सला पुढच्या तीन फेरारींचं काय झालं तेही सांगा. ट्रिप्सचं इंजिन गेलं, गिंथरच्या तेलाचा दाब गेला, फिल हिल गिरकी खाऊन मागे पडला. त्या उन्हात डांबर वितळत होतं. तिघे गळाले आणि चौथा उरला.

---

चाकोरीबाहेर

चौथा उरला खरा, पण एकटा उरला नव्हता. गर्नी आणि बोनिए, पोर्शेच्या दोन अनुभवी माणसांच्या मध्ये सापडला होता. सुरुवात बाराव्या जागेवरून केलेली. शेवटी बोनिएची गाडी ढेपाळली, राहिला गर्नी. रीम्सच्या त्या लांब सरळ रस्त्यावर पुढच्याच्या मागे चिकटून राहायचं, त्याने फाडलेल्या हवेचा फायदा घ्यायचा आणि बाहेर पडायचं ते नेमक्या क्षणी. लवकर निघालात तर तो परत मागून तुम्हाला गाठतो, उशीर केलात तर रेषाच येते. बागेत्ती शेवटच्या काहीशे मीटरवर बाहेर निघाला आणि एक दशांश सेकंदाने जिंकला.

हा अंदाज नवख्या माणसाला कुठून आला? दोन महिन्यांपूर्वी याच गर्नीला त्याने सिरॅक्यूजला पूर्ण शर्यतभर अंगावर घेतलं होतं. रीम्सला त्याच्यापुढे अनोळखी माणूस नव्हता. कोष्टकातून सिरॅक्यूज काढलंत की रीम्स चमत्कार वाटतो. सिरॅक्यूज ठेवलंत की त्याचा अर्थ लागतो. मी एवढंच म्हणतोय.

---

कृष्णाकाठ

गाड्यांतलं मला फार कळत नाही, पण वाद ओळखीचा वाटला म्हणून लिहिते.

भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये पुण्यात महाराष्ट्राकडून काठियावाडविरुद्ध नाबाद ४४३ केल्या. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम हाकेच्या अंतरावर होता आणि काठियावाडचा संघ सामना सोडून निघून गेला. आमच्या घरी वडील ही गोष्ट सांगताना अजून चिडतात, जणू कालच झालं. भाऊसाहेबांच्या नावावर अधिकृत कसोटी एकही नाही. म्हणून ते फलंदाजच नव्हते असं कुणी म्हणेल का? कसोटीची कोष्टकं बघून त्यांचं नाव सापडणार नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माझं मत चाकोरीबाहेर यांच्या बाजूने.

---

लेखाजोखा

कृष्णाकाठ, तुमचं उदाहरण मला फार आवडलं, पण ते माझ्याच बाजूचं आहे. ४४३ धावा कसोटीच्या कोष्टकात कुणी घालत नाही, आणि घालावं असं भाऊसाहेबांचे चाहतेसुद्धा म्हणत नाहीत. त्या प्रथम श्रेणीच्या कोष्टकात आहेत आणि तिथे मानाने आहेत.

आणखी एक सांगतो. १९७० मध्ये इंग्लंड विरुद्ध शेष विश्व असे पाच सामने झाले. खेळले तेव्हा कसोटी म्हणून, नंतर तो दर्जा काढून घेतला. ग्लॅमॉर्गनचा अॅलन जोन्स इंग्लंडकडून फक्त त्यातलाच एक सामना खेळला होता, त्याची कसोटी गेली. पन्नास वर्षांनी, २०२० मध्ये, इंग्लंडच्या मंडळाने त्याला ६९६ क्रमांकाची टोपी दिली. छान केलं. पण सामन्याला कसोटीचा दर्जा परत दिला नाही. माणसाचा सन्मान करा, कोष्टकाला हात लावू नका. माझी भूमिका तंतोतंत हीच आहे.

---

चाकोरीबाहेर

इथेच तर गोम आहे. क्रिकेटमध्ये कसोटीच्या खाली प्रथम श्रेणी आहे. भाऊसाहेबांचे ४४३ कसोटीत नसतील, पण ते पडायला एक जागा आहे. प्रत्येक क्रिकेटपटूच्या माहितीत दोन ओळी असतात आणि वाचणारा दोन्ही बघतो.

फॉर्म्युला वनला ती दुसरी ओळच नाही. अजिंक्यपदाच्या यादीत नसेल तर शर्यत थेट खड्ड्यात. म्हणून तर प्रश्नमंजूषेच्या कागदावर 'पहिलीच शर्यत' म्हणून रीम्स लिहिलं जातं. ती त्याची फॉर्म्युला वनमधली तिसरी शर्यत होती, हे कुठल्याही बाजूने बघितलं तरी खरं आहे. 'अजिंक्यपदाची पहिली शर्यत' असं विचारलं असतं तर मी हा धागा काढलाच नसता.

आणि अजिंक्यपदाच्या यादीच्या पावित्र्याचं म्हणाल तर ती यादीही एकदा नीट उघडून बघा. १९५० ते १९६० इंडियानापोलिसची ५०० मैलांची शर्यत अजिंक्यपदात धरलेली होती. नियम वेगळे, गाड्या वेगळ्या, युरोपातले जवळजवळ कुणी जात नसत. तरी गुण मिळत. १९५२ आणि १९५३ ला अजिंक्यपद चक्क फॉर्म्युला टूच्या गाड्यांवर झालं. १९६० ला मोंझाला कललेल्या भिंतीवरून गाड्या पळवायच्या म्हणून ब्रिटिश संघांनी बहिष्कार घातला, फिल हिलने उरलेल्यांत जिंकलं, तो विजय पूर्ण धरला जातो. १९६१ ला अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला फेरारी आलीच नाही, इनिस आयर्लंड जिंकला, तोही पूर्ण. नेपल्सला तुम्ही नाक मुरडलंत, मग हे कसं चालतं?

---

लेखाजोखा

इंडियानापोलिस यादीत असणं ही चूकच होती असं मी मानतो. पण एका चुकीवर दुसरी चढवून हिशेब जुळत नाही. मोंझा १९६० आणि वॉटकिन्स ग्लेनला सगळ्यांना बोलावणं होतं, गुणही होते. जे आले नाहीत ते त्यांच्या निर्णयाने आले नाहीत आणि त्यांनी त्याची किंमत मोजली. नेपल्सला न येणाऱ्याचं काय गेलं? काहीच नाही.

---

चेशायरकर

औल्टन पार्कपासून माझं घर अर्ध्या तासावर आहे. मुलीला पहिल्यांदा शर्यत दाखवायला तिथेच घेऊन गेलो होतो, म्हणून या विषयावर गप्प बसवत नाही.

२३ सप्टेंबर १९६१, औल्टन पार्कची गोल्ड कप. बिनगुणांची. मॉस फर्ग्युसनच्या पी ९९ मध्ये बसला. या गाडीची चारही चाकं इंजिनाला जोडलेली. आणि इंजिन पुढे, जेव्हा बाकी सगळे इंजिन मागे घेऊन बसले होते. रस्ता ओलसर. मॉस जिंकला. चारही चाकं ओढणाऱ्या गाडीचा फॉर्म्युला वनमधला हा आजपर्यंतचा एकमेव विजय, आणि इंजिन पुढे असलेल्या गाडीचा शेवटचा. पुढे १९६९ मध्ये लोटस, मॅक्लारेन, मात्रा सगळ्यांनी चारचाकी ओढीचा नाद केला आणि सोडला.

आता लेखाजोखांच्या कोष्टकात ही गोष्ट कुठे शोधायची? नाहीच. तंत्राचा एवढा मोठा टप्पा आणि त्याची नोंद शून्य, का तर त्या दुपारी गुण वाटले नव्हते.

---

गोदाकाठ

माझा आक्षेप थोडा वेगळा आहे आणि तो कुणी घेतला नाही म्हणून लिहिते.

या शर्यती चालायच्या त्या हजेरीच्या पैशांवर. आयोजक ठरावीक रक्कम देत, संघ त्यावर वर्षाचा खर्च भागवत. शनिवारी एन्ट्री आणि मंगळवारी सिसिली ही धावपळ त्यासाठीच. त्यात काही गैर नाही, पोट सगळ्यांना असतं. पण मग त्या दिवशी मैदानावरचा प्रत्येक जण जिंकायलाच आला होता असं कसं धरायचं? कुणी नवीन टायर बघायला येणार, कुणी गिअर बदलून बघणार, कुणी रविवारच्या खऱ्या शर्यतीसाठी इंजिन राखून चालवणार. मी मॉस असते आणि मला मोनॅको जिंकायचं असतं, तर सिरॅक्यूजला जीव पणाला लावला नसता. बागेत्तीने मात्र लावला, कारण त्याच्यासाठी तीच संधी होती. म्हणजे तो ज्यांच्याशी लढला ते पूर्ण ताकदीने लढत होते का, हा प्रश्न उरतोच.

---

चेशायरकर

गोदाकाठ, हा प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र मला इंग्लंडातल्याच गुडवुडच्या शर्यतीतून द्यावं लागतं.

२३ एप्रिल १९६२, ईस्टरचा सोमवार, ग्लव्हर ट्रॉफी. बिनगुणांची. मॉस गाडीच्या बिघाडामुळे मागे पडला होता. जिंकण्याची आशा संपलेली. राखून चालवायचं तर तो दिवस अगदी योग्य. तरी तो पूर्ण वेगात होता आणि सेंट मेरीच्या वळणाशी बांधावर आदळला. महिनाभर शुद्ध नव्हती. त्यानंतर त्या दर्जाच्या गाडीत तो पुन्हा कधी स्पर्धेत उतरला नाही.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मेक्सिकोत, देशातली पहिलीवहिली ग्रां प्री, तीही बिनगुणांची, सरावात तिथल्याच रिकार्डो रोड्रिगेझचा जीव गेला. वीस वर्षांचा होता. घरच्या लोकांपुढे सगळ्यात वेगवान वेळ लावायची होती त्याला.

ही माणसं शर्यतीला गुण आहेत की नाहीत ते बघून पायाखालचा दाब ठरवत नव्हती.

---

गोदाकाठ

मॉसचं मला माहीत होतं, पण तो मागे पडलेला असताना घडलं हे माहीत नव्हतं. 'मी मॉस असते तर' हे वाक्य मागे घेते. टायर आणि गिअरबद्दलचं म्हणणं मात्र कायम. संघ प्रयोग करत होते, आणि ते ड्रायव्हरच्या मनावर नसतं.

---

गिअरबॉक्स

करत होते, बरोबर. पण प्रयोग म्हणजे हलकी शर्यत नव्हे. मे १९६२ मध्ये सिल्व्हरस्टोनची इंटरनॅशनल ट्रॉफी घ्या. बीआरएम या ब्रिटिश संघाचं नवं व्ही-८ इंजिन, प्रत्येक सिलिंडरचा धुराचा नळ स्वतंत्र उभा, आकाशाकडे तोंड करून. शर्यतीत ते नळ गळून पडत होते. पाऊस, पुढे जिम क्लार्क. ग्रॅहम हिलने शेवटच्या वळणावर बाहेरून जाऊन रेषेवर त्याला गाठलं, वेळ दोघांची सारखीच नोंदली गेली. त्याच वर्षी हिल विश्वविजेता झाला. त्या नळांचा दोष सिल्व्हरस्टोनला कळला म्हणून पुढे निस्तरता आला. प्रयोग आणि झुंज एकाच दुपारी, एकाच गाडीत.

---

कृष्णाकाठ

मला सिरॅक्यूजबद्दल विचारायचं आहे. तिथे आणखी कुणी असा नवखा जिंकला आहे का, की बागेत्ती एकटाच?

---

चाकोरीबाहेर

जिंकला आहे, आणि ही गोष्ट मी मूळ लेखात घालायला हवी होती. ऑक्टोबर १९५५, टोनी ब्रुक्स. दंतवैद्यकाचा इंग्लिश विद्यार्थी, परीक्षा तोंडावर, विमानात पुस्तकं घेऊन बसलेला. कॉनॉटची हिरवी गाडी, फॉर्म्युला वनमधली त्याची पहिलीच शर्यत, आणि समोर इटलीच्याच भूमीवर मासेरातीचा कारखान्याचा संघ. जिंकला. ब्रिटिश ड्रायव्हरने ब्रिटिश गाडीत ग्रां प्री जिंकण्याची १९२४ नंतरची ती पहिली वेळ. ब्रिटिश मोटारशर्यतींचा इतिहास सांगताना सगळे तिथून सुरुवात करतात, आणि तीही बिनगुणांचीच होती. लेखाजोखा, तुमच्या कोष्टकात ब्रुक्सच्या नावापुढे ६ विजय आहेत. सातवा, ज्याच्यामुळे बाकीचे सहा शक्य झाले, तो नाही.

बागेत्तीचं नंतर फारसं झालं नाही हे तुम्ही म्हणालात, तेही खोडत नाही. १९६१ च्या अखेरीस किटी आणि इतर मोठी माणसं फेरारी सोडून गेली. दुसरीकडे बीआरएम आणि क्लायमॅक्सची व्ही-८ इंजिनं आली, क्लार्कच्या हाती लोटस २५ आली. १९६२ ची फेरारी म्हणजे आदल्या वर्षीचीच. मग एटीएसमध्ये बागेत्तीसोबत कोण गेलं? फिल हिल, १९६१ चा विश्वविजेता. त्याचंही तिथे मातेरं झालं. पण हिलला कुणी लॉटरीवाला म्हणत नाही, कारण त्याचं विश्वविजेतेपद कोष्टकात आहे.

आणि एक गोष्ट मला खरोखर टोचते. फेरारीने शार्कनाकाच्या मूळ गाड्यांपैकी एकही ठेवली नाही, सगळ्या मोडून टाकल्या. आज दिसतात त्या नंतर बनवलेल्या प्रतिकृती. बागेत्ती १९९५ मध्ये गेला. सिरॅक्यूजच्या शर्यती १९६७ नंतर त्या दर्जाच्या राहिल्या नाहीत. गाडी नाही, माणूस नाही, शर्यतही नाही. उरते ती नोंद. तीही आपणच 'धरत नाही' म्हणून सोडून दिली तर त्या ५६ फेऱ्या कुठे राहिल्या?

---

लेखाजोखा

ब्रुक्सचं उत्तर माझ्याकडे नाही. थोडा विचार करून लिहितोय.

अजिंक्यपदाच्या कोष्टकात एकही आकडा बदलू नये, यावर मी आहे तिथेच आहे. बागेत्ती तिथे २१ शर्यती, १ विजय. पण 'दुसरी ओळच नाही' हे तुमचं म्हणणं मला लागलं. ती ओळ असायला हवी, आणि ती ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. मी स्वतः ड्रायव्हरांच्या नोंदी वहीत ठेवतो. काल रात्री १९६१ चं पान काढलं आणि उजवीकडे एक रकाना ओढला. क्लार्कपासून सुरुवात केली आणि पहिलीच नोंद पडली ती ३ एप्रिल, पो. त्याचा फॉर्म्युला वनमधला पहिला विजय. माझ्या वहीत आजवर त्याचा पहिला विजय १९६२ चा, बेल्जियममधल्या स्पाचा होता.

त्या रकान्यात सिरॅक्यूज लिहिलं आहे. नेपल्स लिहिणार नाही. ज्या दिवशी मोनॅको आहे त्या दिवशीची शर्यत मला मान्य नाही.

---

चाकोरीबाहेर

नेपल्स लिहा. पुढे कंसात 'त्याच दिवशी मोनॅको' असं लिहा हवं तर, पण लिहा. वाचणारा ठरवेल. तुमच्या वहीतून वगळलंत तर त्याला ठरवताच येणार नाही.

आणि १९६७ च्या सिरॅक्यूजचं काय करणार ते सांगा. पार्क्स आणि स्कार्फिओत्ती, दोघांच्या फेरारी, रेषेवर शेजारी शेजारी, पहिला क्रमांक दोघांना विभागून.

---

लेखाजोखा

दोघांच्याही पानावर लिहिणार. पूर्ण एक-एक.

नेपल्सचा उद्या बघू. वही अजून बंद केलेली नाही.